घुमटाचा घुम मीच कापला

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीचा साउंड गेली काही वर्षं मीच बघतो. यंदा पहिल्यांदाच डिजिटल मिक्सर आणला आणि दुसऱ्याच रात्री फजिती झाली.

घुमट आरती सुरू झाली. दोन घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळं म्हणजे मोठ्या झांजा, दहा-बारा गळे. पहिली आरती संपली तसे वादकांतले सगळ्यात जुने काका घुमट गळ्यात तसंच ठेवून माझ्या टेबलापाशी आले. "घुमट खंय रे? आमी हांगा टिचक्यो मारतात काय कितें?"

ऐकू येत होतं ते तसंच. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत राहायचं, की आतल्या हवेचा तो पोटात शिरणारा घुम निघतो. आमच्या स्पीकरमधून नुसती बोटांची टकटक येत होती. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. काकांच्या मते अर्धा आवाज तेव्हाच गेला. उरलेला मी घालवला, असं त्यांच्या नजरेत दिसलं.

आधी माइक बदलला. मग इक्वलायझरच्या पानावर, जिथे जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, ८० हर्ट्झच्या जाड आवाजाला ६ डेसिबल वाढवले, नंतर १०. ढिम्म फरक नाही. इक्वलायझर तर वाढवलेलाच दिसतोय, मग आवाज जातो कुठे? शेवटी चॅनलच्या पहिल्या पानावर, गेनच्या शेजारी, सापडलं: लो कट, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचा जाड आवाज कापणारा फिल्टर, चालू, १६० हर्ट्झ, उतार ऑक्टेव्हला २४ डेसिबल. म्हणजे १६०च्या निम्म्यावर, ८० हर्ट्झला, आवाज आधीच २४ डेसिबल खाली. त्यात मी १० घातले तरी १४चा खड्डा उरतोच.

आणि ते लावलं कोणी? मीच. आदल्या रात्री नाटक होतं. फळ्यांचा रंगमंच, कडेला ठेवलेले माइक, आणि राजे-सरदार चालले की बुलडोझर आल्यासारखी धडधड. तिथे लो कट १६० पर्यंत चढवला, संवाद स्वच्छ झाले. मी खूश होऊन तीच सेटिंग सगळ्या चॅनलवर कॉपी केली आणि मिक्सरवर सीन, म्हणजे सगळ्या सेटिंगचा संच, सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी तोच सीन उघडून चॅनलची नावं तेवढी बदलली. जुन्या अॅनालॉग मिक्सरवर लो कटचं एक बटण असायचं, ८० किंवा १०० हर्ट्झला ठरलेलं. दाबलंय की नाही ते नुसतं बघून कळायचं. इथे ते पानाआड लपतं, आणि मला तर वाटतं निम्मे घोटाळे तिथेच होतात.

मग कानाने लावलं. लो कट अगदी खाली, २०वर नेला आणि एका वादकाला सलग थाप मारायला सांगून हळूहळू वर आणला. ७० पर्यंत काही बिघडलं नाही, ८५ला घुम रोडावला, म्हणून मागे येऊन ५५वर थांबलो. गाणाऱ्यांना मात्र ११० ठेवला. ते माइक ओठांना लावूनच गातात, आणि आपले नेहमीचे कार्डिऑइड, म्हणजे समोरचाच आवाज जास्त घेणारे, माइक तोंडाच्या इतके जवळ आले की खालचा आवाज आपोआप फुगतो.

एका घुमटाला दोन माइक होते, कातड्याकडे एक आणि मागच्या तोंडाशी एक. मी शहाणपणा करून मागच्याचा फिल्टर बंद ठेवला आणि पुढच्याचा ११०ला. दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर केले तर आवाज पोकळ! फिल्टर नुसता कापत नाही, कापतो त्या जागेच्या आसपास फेजही, म्हणजे लहरीची वर-खाली होण्याची वेळही, सरकवतो. १२ डेसिबलच्या उताराला नेमक्या कटच्या ठिकाणी ९० अंश, २४ला १८०, म्हणजे पूर्ण उलट. त्यामुळे तिथे दोन माइक एकमेकांना खात होते. दोन्हीकडे सारखाच ५५ ठेवल्यावर भरीवपणा परत आला.

जनरेटरची गुणगुण मात्र लो कटने गेली नाही. ती ५० हर्ट्झवर थांबत नाही, १००, १५० असे तिचे नातेवाईकही येतात. एक खराब केबल बदलली तेव्हा सुटका झाली.

तिसऱ्या रात्री आरतीआधी काका आले. "आयज कातर बंद मरे?" म्हणजे आज कात्री बंद ना? मी स्क्रीनवरचा ५५चा आकडा दाखवला. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. सबवूफरकडे, जाड आवाजाच्या स्पीकरकडे, मान वळवून एक थाप मारली आणि मागच्या तोंडावर तळवा हळूच दाबला.