दाराजवळची खुर्ची
आज सकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊन आलो. याआधी दोनदा दारातूनच परत फिरलो होतो. ‘ओपन’ मीटिंगला घरचेही चालतात, ‘क्लोज्ड’ फक्त आमच्यासारख्यांची. फी नाही, आडनाव नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. (माझी ती रोज संध्याकाळी सातला डळमळते.)

पळायला सोपी म्हणून दाराजवळची खुर्ची पकडली. तिथलं ऐकलेलं तिथेच ठेवायचं, म्हणून माझंच सांगतो. फ्लशच्या टाकीत बाटली लपवायचो, हे बोललो आणि अर्धी खोली हसली. चेष्टेचं नव्हे, ओळखीचं हसू. १९३५ मध्ये हे सगळं दोन पिणाऱ्यांच्या अशाच बोलण्यातून सुरू झालं.

निघताना एका काकांनी नंबर दिला. "प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको."

पावणेसात झालेत. नंबर समोर ठेवलाय.