24 कॅरॅबिनर, एकच रंग

लीड क्लायंबिंगचं, म्हणजे दोर सोबत नेत वाटेत अडकवत चढण्याचं, सत्र सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर तपासत बसले होते. शिबिरात शिकवण्याबरोबरच साहित्यही माझ्या ताब्यात असतं, त्यामुळे बाकीचे आवराआवर करत असतात तेव्हा माझ्या मांडीवर दोराचा ढीग असतो. दोर डाव्या मुठीतून उजव्या मुठीत सरकवत न्यायचा. कुठे मऊ पडलाय, कुठे चपटा झालाय, कुठे आतला गाभा दबलाय, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. त्या दिवशी गाठ मारायच्या टोकापासून हातभर पुढे गेले आणि मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसं काहीतरी तळव्याला लागलं. वरच्या विणीतून बारीक तंतू उभे राहिले होते.

दोर नवाच होता. "खडकाच्या धारेवर घासला असणार," शेजारी बसलेला सहकारी म्हणाला. हे नेहमीचं उत्तर, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण धारेवर घासलेला दोर एका जागी खराब होतो. वीतभर, फार तर हातभर. इथे तंतू संपतच नव्हते. मी सरकवत राहिले. ते संपले तेव्हा तेवढा भाग मोजला, तर आदल्या दिवशीच्या भिंतीच्या उंचीएवढा भरला. शिवाय खराबी दोराच्या सगळ्या अंगाला नव्हती. एका बाजूने, किंचित वळत गेलेली रेघ होती.

इथे मला उत्तर मिळालं. आदल्या दिवशी पडण्याचा सराव होता. शेवटच्या बोल्टला (भिंतीत पक्क्या बसवलेल्या खिळ्याला) स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, लावायची, दोर अडकवायचा, थोडं वर चढून हात सोडायचे, आणि मग बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, तिथूनच खाली उतरवायचं. वरून खाली येताना सगळ्यात वरच्या कॅरॅबिनरमधून (गेट उघडून दोर अडकवायच्या धातूच्या कडीतून) बरोबर भिंतीच्या उंचीएवढा दोर सरकतो, तोही माणसाचं वजन घेऊन. तेव्हा खडकाचा यात काही संबंध नव्हता. वरच्या कॅरॅबिनरला कुठेतरी धार आली होती.

त्या भिंतीवर वापरलेल्या स्लिंग आमच्या नव्हत्या. एका प्रशिक्षणार्थ्याने स्वतःचा संच आणला होता. पोरगा हुशार आणि भलताच हिशेबी. 60 सेंटीमीटरच्या 12 डायनीमा (पातळ, मजबूत कृत्रिम धाग्याच्या) स्लिंग आणि त्यांना 24 कॅरॅबिनर, सगळे सर्वांत छोट्या आकाराचे वायरगेट, म्हणजे तारेच्या गेटचे, सगळे करड्या रंगाचे. एकेकाचं वजन 20 ग्रॅमच्या आसपास. "पूर्ण आकाराच्या वायरगेटपेक्षा नगामागे 10 ग्रॅम कमी, ताई. 24 नगांत पाव किलो वाचतं." हिशेब चुकीचा नव्हता.

ज्यांनी ही स्लिंग हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्ही टोकांना एकेक कॅरॅबिनर असतो. एक कॅरॅबिनर दुसऱ्यातून ओवायचा आणि खाली सुटलेला फासा त्याच्यात अडकवायचा, की स्लिंग तिहेरी होऊन वीतभर उरते आणि कमरेला लटकवता येते. चढताना मार्ग सरळ असेल तर तशीच वापरायची. मार्ग वळणावळणाचा असेल तर एका कॅरॅबिनरमधून तीनपैकी कुठलेही दोन पदर सोडायचे आणि ओढायचं. पूर्ण लांबी मिळते. लांबी वाढली की दोर सरळ जातो आणि घर्षण कमी होतं. खडकाच्या खाचेत आधारासाठी बसवलेला नट (धातूची पाचर) दोराच्या हिसक्याने वर उचकटून येत नाही, हा फायदा तर माझ्या मते त्याहून मोठा.

मी सगळा संच सतरंजीवर मांडला आणि थोडा कापूस घेतला. कॅरॅबिनरच्या आतल्या कमानीवरून, जिथे दोर बसतो तिथून, कापूस हलक्या हाताने फिरवायचा. गुळगुळीत धातूवर तो घसरत जातो. धार असेल तिथे अडकतो आणि एखादा धागा मागे सोडतो. नखाने किंवा बोटाने हे कळतंच असं नाही; कापसाला लगेच कळतं. चोवीसपैकी तीन कॅरॅबिनरनी कापूस धरला. एकाच्या कमानीत बोल्टच्या हँगरने (बोल्टवरच्या भोक असलेल्या पट्टीने) पाडलेली आडवी खाच अगदी स्पष्ट दिसत होती, आणि खाचेच्या काठाला धातू वर उचलला जाऊन पातळ कंगोरा तयार झाला होता. हँगर पोलादी पट्टीचा, कॅरॅबिनर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्यावर वारंवार पडलं की झीज कोणाची होणार हे उघड आहे.

खाच पडण्यात गैर काहीच नाही. बोल्टकडच्या कॅरॅबिनरला ती पडतेच, आणि फार खोल नसेल तर तो बोल्टवर आणखी बराच काळ काम करतो. (मी 1 मिलिमीटरची मर्यादा धरते. त्यापुढे गेला की बाद.) गोंधळ होतो तो हा कॅरॅबिनर दोराच्या बाजूला आल्यावर. शिवलेल्या पट्टीच्या क्विकड्रॉमध्ये (आखूड पट्टी आणि दोन कॅरॅबिनर यांच्या जोडणीत) असं सहसा होत नाही. तिथे दोराकडचा कॅरॅबिनर रबराने पक्का बसवलेला असतो, बहुतेकदा त्याचं गेटही वाकडं असतं, त्यामुळे बोल्टचं टोक कुठलं आणि दोराचं कुठलं हे आंधळ्यालाही कळावं. तिहेरी स्लिंगची मात्र दोन्ही टोकं मोकळी. आवरताना कोणता कॅरॅबिनर कशातून ओवला, कमरेला लटकवताना कोणता वर आला, याला काही नियम राहत नाही. सगळे करडे असतील तर काल बोल्टला लटकलेला आज दोर धरतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

संच आणणाऱ्या त्या पोराला बोलावून कापूस दाखवला. तो गंभीर झाला, दोर हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. दोराचा गाभा शाबूत होता. खराब भाग मी कापून टाकला आणि उरलेल्या दोराची नवी लांबी पिशवीवर लिहिली. एका टोकाने दोर कापला की मधली खूण मध्यावर राहत नाही, आणि त्या खुणेच्या भरवशावर कोणाला उतरवलं तर दोर मधेच संपू शकतो. म्हणून जुनी खूण खोडून नवी केली.

तासाभराने तो पुन्हा आला, चेहऱ्यावर प्रश्न सुटल्याचा आनंद. प्रत्येक स्लिंगच्या एका टोकाला त्याने घट्ट रबरी कडं चढवलं होतं. "आता टोकं बदलणारच नाहीत. रबर असेल ती दोराची बाजू."

कल्पना वरवर चोख आहे, आणि हीच मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. मी त्यातली एक स्लिंग घेतली, तिहेरी केली, उघडली, पुन्हा तिहेरी केली, जशी घाईत भिंतीवर होते तशी. एक पदर गेटमधून आत गेला, रबरातला पदर नाकावरून, म्हणजे गेट जिथे टेकतं त्या टोकावरून, बाहेर सरकला. मग ती त्याच्यासमोर धरली. "काय दिसतंय?" "काय म्हणजे? बरोबर आहे." दिसायला सगळं होतंच जागच्या जागी: कॅरॅबिनर, रबर, स्लिंग. "ओढ," मी म्हणाले. त्याने दोन्ही हातांनी ओढली. रबर ताणलं, फटकन निसटलं, आणि कॅरॅबिनर एका हातात, स्लिंग दुसऱ्या हातात. स्लिंग कॅरॅबिनरमध्ये नव्हतीच. दोघांना एकत्र धरून होतं ते फक्त रबर.

2013 साली फ्रान्समध्ये 12 वर्षांचा एक इटालियन मुलगा याच जातीच्या बिघाडाने गेला. तिथे क्विकड्रॉ जोडतानाच चूक झाली होती. पट्टी कॅरॅबिनरऐवजी नुसत्या रबरातून गेली होती. रबर रिकाम्या कॅरॅबिनरचं वजन सहज पेलतं, म्हणून जमिनीवर काहीच खटकत नाही. मोकळ्या, उघडमीट करायच्या स्लिंगवर रबर नको ते यासाठीच. तिथे ही चूक एकदाच जोडताना नव्हे, दर वेळी हाताळताना होऊ शकते.

त्याने बाराही रबरं काढली. "मग टोकं ओळखायची कशी?" रंगाने. इतकं साधं उत्तर ऐकून तो थोडा खट्टू झाला असावा. आमच्या पेटीतून मी निरनिराळे कॅरॅबिनर काढून दिले आणि म्हटलं, दोराच्या बाजूला एकच रंग, ठळक. बोल्टच्या किंवा नटच्या बाजूला दुसरा. आकारही वेगळा असेल तर फारच छान, अंधारात हाताला कळतं.

मग निवड सुरू झाली. तो आधी कॅरॅबिनरच्या कण्यावर, म्हणजे गेटसमोरच्या बाजूवर, कोरलेले आकडे वाचायला लागला: हा 24 किलोन्यूटन (भार मोजायचं एकक), तो 22. नवीन मुलं हमखास हाच आकडा बघतात. गेट बंद असताना किमान 20 किलोन्यूटन तर प्रमाणित कॅरॅबिनरला धरावेच लागतात, आणि हा 20 काही हवेतून आलेला नाही. मानकातल्या चाचणीत दोराने पडणाऱ्यावर जास्तीत जास्त 12 किलोन्यूटन भार येऊ द्यायचा. वरच्या कॅरॅबिनरला पडणारा एका बाजूने ओढतो आणि बिले देणारा दुसऱ्या बाजूने. घर्षणामुळे ही दुसरी ओढ पहिलीच्या दोन तृतीयांश धरतात. 12 आणि 8 मिळून 20. तेव्हा 22 की 24 यात जीव अडकवण्यात अर्थ नाही. बघायचा तो गेट उघडं असतानाचा आकडा. तिथे साध्या कॅरॅबिनरला किमान मर्यादा फक्त 7 आहे, आणि काही 9-10 पर्यंत जातात. लांब सोडलेल्या स्लिंगचा कॅरॅबिनर खडकावर पडून असतो. एखाद्या उंचवट्याने गेट दाबलं गेलं की तो उघड्या गेटचाच कॅरॅबिनर होतो. वायरगेट मला आवडतो तो वजनापेक्षा या कारणाने. तारेला वस्तुमान कमी, त्यामुळे हिसक्याने किंवा आदळण्याने ती सहसा आपोआप उघडत नाही. बर्फातही कमी गोठते.

नाक गुळगुळीत हवं हा मुद्दा त्याला नुसतं सांगून पटेना, म्हणून त्याला भिंतीवर जमिनीपासून दोन हात वर चढवलं. एका हाताने पकड धरायची, दुसऱ्याने कमरेची तिहेरी स्लिंग काढून बोल्टला लावायची आणि लांब करायची. त्याच्या छोट्या वायरगेटच्या नाकाला आतून हुकासारखा आकडा होता, तारेला अडकायला. पहिला पदर निघाला. दुसरा आकड्यात अडकला. त्याने हिसका दिला, कॅरॅबिनर फिरला, तिसराही त्याच खाचेत जाऊन बसला. पकडीवरचा हात थरथरायला लागला. "सोड, खाली ये," म्हटलं. मग गुळगुळीत नाकाचा, आकडा आत झाकलेला वायरगेट दिला. दोन पदर सरकून बाहेर आले, स्लिंग सरळ खाली लोंबली. तो काही बोलला नाही, पण लगेच आणखी तसेच शोधायला पेटीत हात घातला.

बोल्टच्या टोकालाही हेच नाक हवं, कारण आकड्याचं नाक हँगरच्या भोकाच्या काठावर अर्धवट टेकून राहू शकतं. अशा स्थितीत कॅरॅबिनर त्याच्यावर कोरलेल्या ताकदीच्या अगदी थोड्या अंशावर मोडतो.

शेवटी जाड हातमोजे घालायला लावले. छोट्याचं गेट उघडलं की दोर आणि मोज्यातलं बोट एकदम आत मावेना. दर वेळी गेट बोटावरच बंद होई. दोराच्या बाजूला पूर्ण आकार, हे मग त्यानेच ठरवलं. कमान रुंद असली की दोरही कमी खडतर वळतो, हे मी वर जोडलं. नट आणि बोल्टच्या बाजूला मात्र तो छोट्या आकारावर अडून बसला, आणि मला विरोध करण्यासारखं काही दिसलं नाही. त्या टोकाला दोर अडकवायचा नसतो. नाक झाकलेलं असलं की छोटा तिथे चालतो. डायनीमाचे तीन पातळ पदर त्यात आरामात बसतात. रुंद नायलॉनची स्लिंग असती तर मी नाही म्हटलं असतं, गेट नीट बंद होत नाही. दोराची बाजू लाल, दुसरी करडी. वाचवलेल्या 240 ग्रॅमपैकी 120 परत गेले, हे त्याने मला दोनदा ऐकवलं.

कापूस धरणाऱ्या तीन कॅरॅबिनरना पॉलिश पेपर मारून वापरता येईल का, असं त्याने विचारलं. हलकी धार तशी निघते, पण एकाची खाच माझ्या मर्यादेच्या पुढे होती आणि उरलेल्या दोघांचा इतिहास कोणालाच माहीत नव्हता. तिन्ही करवतीने कापले. अख्खा कॅरॅबिनर कचऱ्यात टाकला तर कोणीतरी उचलून किल्ल्यांना लावतं आणि वर्षभराने तोच कोणाच्या तरी कमरेला दिसतो.

वाकड्या गेटवर मात्र आमचं जुळलं नाही. त्याला दोराच्या बाजूला तेच हवं होतं, कारण दोर पटकन जातो. माझं म्हणणं, टोकं मोकळी आहेत, कधीतरी हाच कॅरॅबिनर चुकून बोल्टवर जाईल, आणि वाकडं गेट तिथे नको. कॅरॅबिनर फिरला तर हँगर त्या गेटला सहज दाबून उघडू शकतो. "रंग कशाला दिलाय मग?" तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता. चार स्लिंगांना त्याने वाकडं गेट लावलंच, आणि दुपारी त्या चार मी न बोलता वेगळ्या हुकाला टांगल्या.