ओलं, कोरडं आणि वार

सोलापुरातल्या पोळी-भाजी केंद्राची पाटी वाचायची तर दोन टप्प्यांत वाचावी. भिंतीवर तैलरंगात लिहिलेलं असतं: कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगा पोळी. खाली खिळ्याला अडकवलेल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: मटकी, मेथी, वांगं, आमटी-भात. सकाळी अकराला लिहिलेली मटकी दीडला ओल्या फडक्यानं पुसलेली असते आणि तिच्या जागी अर्धवट पुसल्या अक्षरांवरच 'पिठलं' आलेलं असतं. पिठलं हे नेहमी दुसऱ्याच्या जागेवर येतं. भाजी संपली, गिऱ्हाईक दारात आहे, आणि दहा मिनिटांत काही तरी पातेल्यात हवं, की बेसनाचा डबा उघडतो.

रंगात लिहिलेलं ते कोरडं, खडूनं लिहिलेलं ते ओलं. अशा छोट्या दुकानाचा सगळा हिशेब या दोन रकान्यांत बसतो. ओल्या पदार्थासाठी गिऱ्हाईक रोज येतं, पण तो त्याच दिवशी संपला नाही तर भांडवल गटारात जातं. कोरडा पदार्थ आज नाही तर उद्या विकला जातो, आणि ओल्याची खोट तोच भरून काढतो.

कडक भाकरी म्हणजे उरलेली भाकरी वाळवून विकतात, असा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा समज असतो. उरलेली मऊ भाकरी वाळवून बघावी. ती कडक होत नाही, वातड होते. जाडी जास्त, पोटात ओल राहिलेली, आणि तीन-चार दिवसांत पापुद्र्याच्या आत हिरवट बुरशी. कडक भाकरी पहिल्यापासून कडक म्हणूनच थापावी लागते. पीठ रब्बी ज्वारीचं, जमलं तर मालदांडीचं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे; पण भाकरी करणाऱ्या बाईला पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, किती एवढंच बघायचं असतं. दळून आठ-दहा दिवस झाले की विरी जाते आणि थापताना कडेला चिरा पडतात. गव्हाला चिवट करणारं ग्लुटेन ज्वारीत नसतं. इथे पीठ धरून ठेवतो तो उकळत्या पाण्यानं फुगलेला स्टार्च, म्हणून पाणी आधणाचंच हवं. किलोभर पिठाला पाऊण ते एक लिटर. कोमट पाण्यात भिजवलं तर उंडा दिसतो छान, पण परातीतून उचलताना भाकरी हातात दोन तुकड्यांत येते.

एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मनगटाचा जोर लावून रगडायचं. किलोभर पिठात मऊ भाकऱ्या दहा-बारा होतात, कडक वीसच्या आसपास. यावरूनच पातळपणाचा अंदाज यावा. कडेला आणि मध्ये जाडी एकच हवी. नवशिक्या हाताची भाकरी मध्ये जाड राहते आणि बुरशी बरोबर तिथेच धरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर वरच्या बाजूला तडे. मऊ भाकरी टम्म फुगली की कौतुक होतं. कडक भाकरीला फुगू द्यायचं नाही, फडक्याच्या बोळ्यानं सगळीकडून दाबत राहायचं. मग मंद आचेवर शेक. चूल असेल तर निखाऱ्याशेजारी उभी करून ठेवायची. हा शेवटचा शेकच गॅस खातो, आणि व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असला तरी त्यालाही तळ असतो. त्यामुळे शहाणी दुकानं हे काम दुपारच्या स्वयंपाकानंतर तापलेल्या भट्टीवर उरकतात. शेवटी भाकऱ्या उभ्या रचून गार करायच्या. गरम असताना आडवी थप्पी लावली तर वाफ आतच कोंडते आणि तासाभराची मेहनत पाच मिनिटांत मऊ पडते.

नीट सुकलेली भाकरी महिनाभर सहज टिकते. पावसाळ्यात पुडा उघडा राहिला तर एका रात्रीत सादळते. गिऱ्हाईक सादळलेल्या आणि वातड अशा दोन्ही भाकऱ्यांना 'नरम पडली' म्हणतं, पण दोन्हींत फार अंतर आहे. सादळलेलीनं हवेतली ओल घेतलेली असते, तव्यावर पुन्हा शेकली की ती पूर्ववत वाजते. वातड भाकरीची ओल आतलीच असते. ती कितीही शेका, करपेल पण मोडणार नाही. अशी भाकरी सरळ आमटीत कुस्करावी आणि विषय संपवावा.

शेंगा चटणीची गोष्टही पाण्याचीच, फक्त उलट्या बाजूनं. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. ते बाहेर आणायचं आणि पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही. किलोभर दाण्यांना साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम तिखट, तेवढाच सोललेला लसूण, पस्तीस-चाळीस ग्रॅम मीठ, चमचा-दोन चमचे भाजलेलं जिरं. दाणे आधी निवडायचे. सुरकुतलेला, काळपट, बुरसट दाणा एक जरी गेला तरी कडवटपणा अख्ख्या घाण्याला लागतो. लोखंडी कढईत मंद आचेवर, साल हातानं चोळून निघेपर्यंत भाजायचे. मोठ्या आचेवर भाजले की बाहेरून डाग आणि आत कच्चे. अशी चटणी पहिल्या दिवशी चालून जाते, आठवड्यानं खवट लागते. मग गार करून, चोळून, पाखडून उखळात किंवा डंकावर कांडायचे. मिक्सरचं पातं दाणा कापतं, कांडप दाणा चेपतं. कापलेल्या दाण्याचा कोरडा भुगा होतो, आणि पातं जरा जास्त फिरलं तर एकदम लोणी. चेपलेल्या दाण्यातून तेल हळूहळू सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर तिचा गोळा राहतो. सोलापुरी चटणीची ही एकच परीक्षा. लसूण हा या घाण्यातला एकमेव ओला माणूस. चटणी आधी बिघडते ती त्याच्यामुळे, म्हणून बाहेरगावी पाठवायच्या चटणीत तो कमी घालतात किंवा वगळतात. चमचा ओला घातला तर मात्र कुठलीच चटणी तग धरत नाही. बरणीवर 'ओला चमचा घालू नये' अशी चिठ्ठी चिकटवणारं दुकान माझ्या मते भरवशाचं.

आता वार. सोमवार सिद्धेश्वराचा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी या कोरड्या मुलखात तळं खोदलं, त्या तळ्यातल्या देवळातला सिद्धेश्वर हे आजही गावाचं दैवत. त्यामुळे सोमवारी उपवास धरणारी घरं पुष्कळ. फळ्यावर साबुदाणा खिचडी आणि भगर-आमटी.

"अक्का, भगर हाय का?"

"हाय की. आमटी संपली बघा, दही देऊ?"

आमटी आधी संपते हे दर सोमवारचं, आणि त्याचं कारण गिऱ्हाइकाची हाव नाही. दाण्याच्या कुटाची ही आमटी गार होताना घट्ट होते. वाढणारा पळी खोल घालतो आणि दहाव्या डब्यालाच अंदाज चुकलेला असतो. मोठ्या पातेल्याशेजारी उकळतं पाणी ठेवून दर पाच-सात डब्यांनी ती सैल करणं हा उपाय. मीठ तेवढं पुन्हा चाखायचं.

मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, तेव्हा सकाळी लवकर निघणारे आदल्या संध्याकाळी कोरडं बांधून नेतात. कोजागरीच्या सुमारास तर सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग लागते, आणि त्या आठवड्यात रंगातले पदार्थ फळ्यावर 'शिल्लक नाही' म्हणून खडूनं लिहायची वेळ येते. गुरुवारी अक्कलकोटच्या स्वामी समर्थांकडे जाणाऱ्यांची बाजू.

बुधवार आणि रविवारचं गणित नवख्या दुकानदाराला हमखास चकवतं. रविवारी त्याला वाटतं, सुट्टीचा दिवस, भाज्या जास्त कराव्यात. प्रत्यक्षात अनेक घरांत या दोन्ही दिवशी मटणाचा रस्सा शिजत असतो. रस्सा घरचा, पण भाकऱ्या थापायला कोण बसणार? म्हणून रविवारी शाकाहारी दुकानाची मऊ भाकरी बारा वाजताच संपते आणि वांगं संध्याकाळपर्यंत पातेल्यात बसून राहतं. श्रावणात हेच उलटं फिरतं. शनिवारी मुगाची खिचडी असते, तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिच्यात काही बिघडत नाही.

पण सोलापुरात या सात वारांच्या वर आणखी एक वार असतो, पाण्याचा. नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, आणि फळ्यावर काय लिहायचं हे बऱ्याचदा तोच ठरवतो. मेथी, शेपू, अंबाडी, चुका यांना तीन पाण्यांतून काढावं लागतं. पहिल्या पाण्यात माती खाली बसते, दुसऱ्यात उरलेली, तिसरं खात्रीसाठी. पालेभाजी नळाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते. टाकीनं तळ गाठला की फळ्यावर बटाटा, कोबी, डाळकांदा येतात. नेहमीचं गिऱ्हाईक फळा वाचूनच सांगतं, उद्या नळ येणार.

मटकीला तर दोन्हीकडून पाणी लागतं. आठ-दहा तास भिजवायची, उपसून फडक्यात बांधायची, आणखी दहा-बारा तासांनी मोड. किलोची दोन-सव्वादोन किलो होते. हे थंडीचं वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की मोड निम्म्या वेळात येतात, आणि फडकं सोडायला उशीर झाला तर मटकी बुळबुळीत होऊन आंबूस वास मारते. मग ती धुऊन वाचवावी म्हणतात. वाचत नाही. उन्हाळ्यात सकाळी भिजवून, संध्याकाळी बांधून, मध्यरात्रीच्या सुमारास एकदा हलवून पाण्याचा हबका मारणं बरं. नाहीतर सरळ डाळकांदा लिहावा.

डब्यांचं माप पाठ असतं. पन्नास डब्यांना तीन किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ, आणि डब्याला चार पोळ्या धरल्या तर सात-साडेसात किलो कणीक. घरच्या पाककृतीला दहानं गुणून आमटी करणाऱ्याची मात्र फजिती होते. मोठ्या पातेल्यातून वाफ त्या मानानं कमी जाते, तेव्हा पाणी दहापट घालायचं नसतं. तिखट आणि हिंगही सात-आठपटीतच पुरतात. मीठ तेवढं जवळजवळ सरळ हिशेबानं चालतं. पोळ्यांना घाम सुटतो, म्हणून डब्याच्या तळाशी सुती फडकं आणि पहिली दहा मिनिटं झाकण कलतं. भात परातीत पसरून वाफ घालवायची. गरम भात गच्च भरून ठेवला की तीन-चार तासांत त्याला पाणी सुटतं, आणि मेमध्ये त्याच्याही आधी. उकळती आमटी पातळ पिशवीत बांधून देण्याची रीत मला कधीच पटली नाही. लोक स्वतःचा डबा आणत नाहीत हे खरं, पण पाच रुपये कमी करून बघावेत, आणतात.

महिन्याच्या डब्याचा वाद जेवणावरून कमी आणि खाड्यावरून जास्त होतो. आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरायचा, सकाळी दहाला सांगितलं तर नाही, कारण तोवर कणीक मळलेली असते. हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून सही घ्यावी. सणाचे खाडे आपोआप पडतात. दिवाळीत विद्यार्थी गावी गेले की डबे निम्म्यावर येतात, पण त्याच दिवसांत ऑर्डरी वाढतात, आणि पुरणासारखा ओला पदार्थ मोठ्या प्रमाणात करायची वेळ येते. किलोभर हरभरा डाळ, किलोभर गूळ, पोळ्या चाळिशीच्या घरात. डाळ पुरती मऊ झाल्याशिवाय गूळ टाकला की ती पुढे शिजत नाही, पुरणात कणी राहते आणि लाटताना पोळी त्या कणीवरच फाटते. पातेल्यात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं. कटाची आमटी त्याच दिवशी द्यावी लागते, पुरण एक दिवस थांबतं. शेंगा पोळीत पाणीच नसल्यानं ती आठ-दहा दिवस निवांत राहते. तिचा धोका एकच, गुळाचा खडा: तव्यावर तो वितळतो, पोळी फोडून बाहेर येतो आणि करपतो. गूळ किसून, दाण्याच्या कुटाबरोबर चाळून घेतला की प्रश्न मिटला.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि संक्रांत एकाच वेळी येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं घातलेली मिसळीची भाजी. बाजरीचं पीठ ज्वारीपेक्षाही लवकर कडू पडतं, तेव्हा ते आदल्याच दिवशी दळावं. शेजारची गिरणी त्या दिवशी रात्री दहापर्यंत चालू असते.

आणि रविवारी रात्री, वांग्याचं पातेलं एकदाचं रिकामं झाल्यावर, साबुदाणा धुतला जातो. दोन पाणी, पिठूळपणा जाईपर्यंत. तिसरं पाणी दाण्यांच्या वर बोटाच्या नखाएवढं. नखाच्या वर गेलं तर सोमवारची खिचडी गोळा होणार. टाकीत पाणी कमी असलं तरी हे धुणं टाळता येत नाही, म्हणून ते धुवण बादलीत धरून ठेवतात आणि दुकान बंद करताना त्यानंच ओटा पुसून घेतात.