तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या डोळ्यांवर पट्टी का बांधत नाही?

मी फार्मसीच्या मुलांना शिकवते आणि नजर गेलेल्या किंवा कमी झालेल्या पेशंटला औषधं कशी समजावायची हेही त्यात येतं, असं कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून प्रॅक्टिस घेता का?" नाही घेत. आणि का नाही हे उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पट्टी बांधली की मुलं टेबलाला धडकतात, आधी हसतात, मग जरा घाबरतात आणि पट्टी सोडल्यावर म्हणतात, "बापरे, कसे जगत असतील हे लोक!" झालं शिक्षण. कारण अनुभव मिळतो तो पहिल्या दहा मिनिटांच्या भांबावण्याचा, वर्षानुवर्षं स्वतःची औषधं स्वतः घेणाऱ्या बाईंचं कसब त्यात कुठेच नसतं. अशा खेळानंतर अंध माणसं किती काय करू शकतात याबद्दलचं मत उलट खाली जातं असं अभ्यासातही दिसलंय, आणि फार्मासिस्टचं मत तसं झालं की तो पेशंटला सोडून सोबत आलेल्याशी बोलायला लागतो. "यांना रात्री एक द्या." अहो, त्या समोर उभ्या आहेत, ऐकू येतंय त्यांना!

शिवाय पूर्ण अंधार फार थोड्यांना असतो. काचबिंदूत बहुतेक वेळा कडेचं आधी जातं. मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) आजारात नेमकं मधलं जातं, म्हणजे माणूस एकटा चालत येतो पण हातातलं लेबल वाचू शकत नाही (आणि लोकांना वाटतं नाटक करतोय). मोतीबिंदूत सगळं धुरकट. पट्टीला यातला फरक कळत नाही.

मग करते काय, तर दोघांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाच्या हातात आय ड्रॉप्सची बाटली, दुसऱ्याने फक्त बोलून शिकवायचं, आणि "हे", "असं", "इथे", "ती पिवळ्या झाकणाची" हे सगळं बंद. सुरुवातीला भयंकर गोंधळ. "बाटली अशी धरा" म्हणे, अशी म्हणजे कशी? हळूहळू गाडी रुळावर येते: मान मागे टाका, एका हाताच्या बोटाने खालची पापणी ओढा, तिथे जी खोबण होते तिच्यात एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून ठेवा, दुसरे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मग कोणीतरी विचारतं, "पण मॅडम, थेंब डोळ्यात पडला की गालावर हे त्यांना कळणार कसं?" या प्रश्नाची मी वाटच बघत असते. जे ड्रॉप्स फ्रिजमध्ये ठेवलेले चालतात ते गार असताना घातले की थेंब कुठे पडला ते लगेच जाणवतं. सगळ्यांना चालत नाही, म्हणून आधी बघायचं, आणि ते बघणं फार्मासिस्टचंच काम आहे.

लेबलचं सोपंय. १८ पॉइंटची साधी ठळक अक्षरं, चकचकीत नसलेल्या पांढऱ्या कागदावर काळी. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीला रबरबँड. इन्सुलिन पेनचं मात्र सोपं नाही. मुलं हमखास म्हणतात की डोस लावायला पेन फिरवताना जे क्लिक ऐकू येतात ते मोजायला सांगू, पण बऱ्याच पेनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की डोससाठी क्लिकवर विसंबू नका, तेव्हा तिथे डॉक्टरांशी बोलून दुसरी सोय बघावी लागते.

ब्रेलचंही सगळे विचारतात. युरोपियन युनियनमध्ये २००४ च्या निर्देशापासून औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये लागतं, चांगलंच आहे, पण एक्स्पायरी त्यात येत नाही, आणि दुकानातला माणूस त्याच ठिपक्यांवर आपलं लेबल चिकटवून मोकळा होतो! आणि उतारवयात नजर गेलेले लोक बहुतेक वेळा ब्रेल शिकलेले नसतात, डायबेटिस असेल तर बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. म्हणून पेशंटलाच विचारायचं, "तुम्हाला कसं सोयीचं पडेल?" बऱ्याचदा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून दिला की काम भागतं.

परीक्षा घ्यायला नजर गेलेली माणसंच येतात, मानधन घेऊन, आणि मार्कही तेच देतात. एक काका फार कडक आहेत. एका हुशार मुलाबद्दल म्हणाले, "माहिती एकदम चोख दिली हो, पण न सांगता उठून गेला, मी आपला खुर्चीला शंका विचारत बसलो." पाच मार्क कापले. मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता, मी ते पाच तसेच ठेवले.