रानसूर्यफुलाच्या जाती ओळखताना: लातूरच्या काळ्या रानातला माझा अनुभव

लातूरकडे बांधावर रानसूर्यफूल आपोआप उगवलेलं सापडत नाही. हेलिअँथसचा, म्हणजे सूर्यफुलाच्या प्रजातीचा, सगळा गोतावळा मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्याकडे त्यातल्या रानजाती बहुधा संकरासाठी मुद्दाम लावलेल्या प्लॉटमध्येच दिसतात आणि लावण्याचं कारणही इथलंच आहे. सूर्यफुलावरचा केवडा हा बुरशीसारखा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो मराठवाड्यात, 1984 च्या सुमारास. या रोगाला दाद न देणारा एक जनुक आर्गोफायलस या रानजातीतून मिळालाय. संकरित बियाण्याला लागणारी नरवंध्यता, म्हणजे झाडाने कामाचा पराग न धरणं, 1969 साली पेटिओलॅरिस या रानजातीच्या संकरातून पुढे आली. म्हणून प्लॉटमधल्या ओळीच्या टोकाची जातीच्या नावाची पाटी चुकली, की त्या ओळीवरचा पुढचा प्रत्येक संकर वाया जातो. अशा ओळी मी कशा तपासतो, ते लिहितो.

उंची, फुलाचा घेर आणि पाकळ्यांची संख्या यांवर मी कधीच निर्णय देत नाही. एकाच पाकिटातलं बी भारी काळ्या रानात पाऊस साधला तर माणसाच्या डोक्यावर जातं, मुरमाड तुकड्यात गुडघ्याशीच फुलतं. पाकळ्या तर जवळपास सगळ्यांच्याच पिवळ्या.

सुरुवात बुंध्यापासून. खुरप्याने वीतभर माती बाजूला करायची. एकच सोटमूळ खाली गेलेलं असेल तर जात वर्षायू, म्हणजे एका वर्षात संपणारी. जमिनीखाली आडवे खोड, धुमारे किंवा कंद असतील तर बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी. ही एक खूण पाहिली की निम्मी नावं गळतात. फुलाच्या मधल्या तबकडीचा रंग याला दुजोरा देतो. वर्षायू जातींत ती बहुधा तांबूस-जांभळी, बहुवर्षायूंत बहुधा पिवळी. पण एकट्या रंगावर विसंबू नये.

वर्षायूंमध्ये आर्गोफायलस सर्वांत सोपं. पान, खोड, कळी, सगळ्यावर पांढरी रेशमी लव इतकी दाट की झाड लांबूनच चंदेरी दिसतं. मात्र ही लव कोवळ्या शेंड्यावर बघायची. खालच्या जुन्या पानांवर धूळ बसते, लव झडते आणि झाड साधंच वाटायला लागतं. डेबिलिसची पानं लहान, चकचकीत, त्रिकोणी. त्याच्या एका उपजातीच्या खोडावर जांभळे ठिपके असतात. प्रेकॉक्स त्याच्या इतकं जवळचं आहे की एका खुणेवर मी या दोघांना वेगळं करत नाही. तिथे बियाण्याच्या मूळ ठिकाणाची नोंदच बघतो.

खरी कसोटी अ‍ॅन्युअस (लागवडीचं सूर्यफूल याच जातीचं) आणि पेटिओलॅरिसची. रानटी अ‍ॅन्युअसची खालची पानं रुंद, बुडाशी हृदयाकृती, कडा दातेरी. पेटिओलॅरिसची पानं अरुंद, थोडी निळसर हिरवी, कडा बहुधा सरळ, देठ लांब. पण पानं वयाप्रमाणे बदलतात, म्हणून मी फूल उलटं करतो. फुलाखालची छदं, म्हणजे फुलाला वेढणारी हिरवी, पानासारखी आवरणं, हाच ओळखीचा मुख्य पुरावा. अ‍ॅन्युअसचं छद रुंद, साधारण 5 ते 8 मिमी. ते एकदम निमुळतं होऊन लांब टोक काढतं आणि कडेला राठ केसांची झालर असते. पेटिओलॅरिसचं छद भाल्यासारखं, बहुधा 4 मिमीच्या आत, हळूहळू निमुळतं होणारं. त्याला झालर सहसा नसते. मोजताना बाहेरच्या ओळीतली चार-पाच छदं घ्यावीत. आतली नेहमीच अरुंद असतात आणि गोंधळ करतात.

त्यानंतर 10 पट मोठं दाखवणारं भिंग. तबकडीच्या अगदी मध्यभागी, न उमललेल्या बारीक फुलांमध्ये, प्रत्येक बारीक फुलाशेजारी एक तूस, म्हणजे खवल्यासारखं पातळ आवरण, असतं. पेटिओलॅरिसमध्ये या मधल्या तुसांच्या टोकाला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, त्यामुळे गडद तबकडीच्या मधोमध पांढुरका ठिपका दिसतो. अ‍ॅन्युअसमध्ये तो नसतो. हे सकाळी, फूल नुकतं उमललेलं असताना बघावं. तबकडी पूर्ण उमलली की परागाने सगळं माखतं आणि ठिपका कळत नाही.

छदं अ‍ॅन्युअसची आणि मध्ये पांढरा ठिपका, अशी सरमिसळ दिसली तर संकराचा संशय घ्यायचा. पराग काचपट्टीवर झटकून अ‍ॅसिटोकार्माइन या परागकण रंगवणाऱ्या लाल द्रावणाचा थेंब टाकतो आणि 10 मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. शुद्ध झाडात बहुतेक कण गोल, भरलेले, लाल दिसतात. या दोन जातींची गुणसूत्रं वेगळ्या मांडणीची असल्यामुळे त्यांच्या संकरात पोचट, फिके कण भरपूर निघतात. शेजारी लागवडीचं सूर्यफूल असेल तर मधमाश्या हा घोळ हमखास करतात, म्हणून उमलण्याआधीच फुलावर कापडी पिशवी चढवावी. रानजाती बहुधा स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. त्याच ओळीतल्या अनेक झाडांचा पराग एकत्र करून लावावा लागतो. पुढे बी 8-9 मिमी लांब निघालं तर लागवडीच्या वाणाची भेसळ धरावी. रानटी बी बहुधा 5 मिमीच्या आतच असतं.

बहुवर्षायूंचं थोडक्यात. मॅक्सिमिलियानीची पानं लांबट, मध्यशिरेवर दुमडलेली, विळ्यासारखी वाकलेली. ऑक्सिडेंटॅलिसची पानं जवळजवळ सगळी बुडाशी, वर दांडा उघडा. ट्युबरोससला कंद, खालची पानं समोरासमोर, वरची एकाआड एक, देठाला पंख. याची गुणसूत्रं 102, तर अ‍ॅन्युअसची 34.

फोटोत पुष्कळदा टिथोनिया हे सूर्यफुलासारखं दिसणारं वेगळ्या प्रजातीचं झुडूप रानसूर्यफूल म्हणून येतं. पान तीन-पाच भागांत चिरलेलं आणि फुलाखालचा दांडा फुगीर, पोकळ असला तर ते हेलिअँथस नव्हेच.

वाळवून जपायचा नमुना वर्तमानपत्रात दाबताना तीन फुलं घेतो: एक सुलटं, एक उलटं, एक उभं कापलेलं. जाड तबकडी अख्खी ठेवली तर सप्टेंबरच्या दमट हवेत आतून बुरशी धरते. पहिले चार दिवस वर्तमानपत्र रोज बदलायचं, आणि तबकडीचा रंग ताज्या फुलावरूनच चिठ्ठीवर लिहायचा, कारण वाळल्यावर पिवळी तबकडीही तपकिरी पडते.