आमची वाटचाल: टॅक्सीच्या सेल्फपासून जुन्या स्पोर्ट्स कारच्या पंख्यांपर्यंत

लोअर परळमध्ये आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, स्वतः गुंडाळणारी ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातलं एक आमचं. बाकीच्यांनी जागा विकून विरार-बदलापूर गाठलं, काहींच्या पोरांनी तिथेच मोबाईलची दुकानं टाकली. आम्ही टिकलो. आणि ज्यांनी आम्हाला 'टॅक्सीवाल्यांचे वायरमन' म्हणून हिणवलं, त्यांनी हात टेकलेल्या गाड्या आज आमच्याकडे येतात. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

दुकान 1984 सालचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या चाळीतली घरंच्या घरं बसली. शेजारचे मामा एका गिरणीत मोटर वाइंडिंग खात्यात होते. सख्खे नव्हेत, पण सख्ख्यापेक्षा जवळचे. गिरणी सुटली, हातातली कला सुटली नाही. मी तेव्हा एका गॅरेजमध्ये पोऱ्या होतो. मामांनी विचारलं, "तू गाडीतून सेल्फ उतरवशील, मी भरून देईन, जमेल का?" सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, आणि भरणं म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळणं. एवढ्यावर भागीदारी झाली. कागद नाही, स्टँप नाही.

मामांचं पहिलं हत्यार होतं ग्रोलर, आर्मेचर तपासायचं यंत्र. आर्मेचर त्याच्या व्ही आकाराच्या खाचेत ठेवायचं, करंट चालू करायचा आणि हॅक्सॉचं जुनं पातं वरून अलगद धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचं. ज्या खाचेतली कॉइल आतून शॉर्ट असेल तिथे पातं थरथरतं आणि गुणगुणतं. मामा डोळे मिटून काम करायचे, पात्याचा आवाज ऐकायचे. तो ग्रोलर अजून आमच्या टेबलावर आहे आणि रोज वापरात आहे.

धंदा तेव्हा प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा होता. सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा डायनामो, त्याचा करंट जोडणारा-तोडणारा कटआउट, हॉर्न. पंख्याचा, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याचा, प्रश्नच नव्हता, कारण पद्मिनीचा पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर, पट्ट्यावर फिरणारा. पट्टा शाबूत तर पंखा शाबूत. मग मारुती 800 दुकानात यायला लागली. तिचं इंजिन आडवं, पट्ट्याची बाजू रेडिएटरकडे येत नाही, म्हणून पंखा विजेच्या मोटरवर. या एका बदलाने रेडिएटरचा पंखा मिस्त्रीच्या हातातून इलेक्ट्रिशियनच्या हातात आला. निम्म्या गॅरेजवाल्यांना हे आजही पटलेलं नाही. गाडी गरम झाली की ते पाण्याकडे बघतात, वायरकडे नाही.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे कित्येक महिने बुडालेले सेल्फ आणि पंख्याच्या मोटरी उघडण्यात गेले. मामा त्यानंतर थकले आणि गावी गेले.

मग समोरच्या गल्लीत तो काचेचा गॅरेज उघडला. नाव लिहीत नाही. एसी केबिन, कॉफीचं मशिन, टाय लावलेला माणूस आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा एक स्कॅनर. हाच मालक आधी आमच्याकडे आर्मेचर भरून न्यायचा, उधारीवर. पहिल्याच वर्षी आमचा तयार झालेला मुलगा त्याने दुप्पट पगारावर नेला. नेला तर नेला, पण आमच्या गिऱ्हाइकांना फोन करायला लावले त्याच्याकडून. एका टूरिस्ट कंपनीच्या गाड्यांचं वर्षाचं काम आमच्याकडे होतं, तेही तिकडे वळलं. जाताना त्या कंपनीने आमचे सहा महिन्यांचे पैसे थकवले ते आजतागायत दिले नाहीत. बायकोच्या पाटल्या मोडून मी पगार केले. दुकान विकायला दलाल दारात उभे होते. एका रविवारी तर किल्ली देण्याची बोलणीही झाली होती.

राग गिऱ्हाईक गेल्याचा नव्हता. राग या गोष्टीचा होता की तिकडे पार्ट बदलून मोठं बिल फाडलं की लोक विनातक्रार भरतात, आणि आम्ही तासभर टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा दिवा) घेऊन नेमका फॉल्ट शोधला आणि अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली, एक तार साफ करून गाडी दिली की म्हणतात, "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" हा राग अजून गेलेला नाही.

दुकान वाचलं ते शिवाजी पार्कच्या डॉक्टरसाहेबांमुळे. त्यांच्या पद्मिनीचा सेल्फ मामांनी भरला होता, तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे चंदेरी रंगाची जुनी पोर्शे बॉक्स्टर होती, 986 मॉडेल, ज्याचं उत्पादन 1996 ते 2004 चाललं. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर मात्र पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक, आणि प्रत्येकाला स्वतंत्र पंखा. तक्रार अशी की हाजीअलीच्या सिग्नलला टेंपरेचरचा काटा चढतो आणि एसी गरम हवा मारतो, सी लिंकवर गेलं की सगळं ठीक. काचेच्या गॅरेजने वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलला, कूलंट बदललं. गाडी तशीच. मग त्यांनी दोन्ही रेडिएटर नवीन मागवायचं कोटेशन दिलं. डॉक्टरसाहेब ते कोटेशन घेऊन माझ्याकडे आले.

तक्रारीतच उत्तर होतं. गाडी पळताना थंड आणि उभी असताना गरम, म्हणजे पाणी फिरतंय, वारा मिळत नाही. उलट असतं, वेगात काटा चढत असता, तर मी पंप आणि थर्मोस्टॅटच बघितला असता. इंजिन थंड असताना एसी लावला. या गाडीत एसी लावला की दोन्ही पंखे हळू स्पीडवर सुरू व्हायला हवेत. डावा फिरला, उजवा गप्प. उजव्याला जास्त स्पीडच्या लाइनमधून करंट दिला, तर झकास फिरला. म्हणजे मोटर चांगली, तिला करंट पोचवणारे कार्बन चांगले, अर्थ चांगला. हळू स्पीडचा करंट एका रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या पार्टमधून) जातो, जास्त स्पीडचा त्याला वगळून. बंपर उतरवला. रेझिस्टर तिथेच, चिखलपाणी उडतं त्या जागी, गंजून तुटलेला. मीटरवर जवळपास शून्य ओहम यायला हवा, तिथे लाइनच उघडी. स्कॅनरला हे दिसलं नाही यात नवल नाही. रिलेला (पंख्याचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला) हुकूम गेला एवढं त्याला कळतं, पंखा खरंच फिरला का हे कळत नाही.

आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत शिवाजी पार्कच्या पर्जन्यवृक्षांची बारीक पानं, ओली, कुजून काळी झालेली, जाळीला लिंपल्यासारखी चिकटलेली. दोन्ही बाजूंना. ती मी चिमट्याने आणि ब्रशने काढली, कारण हवेचा फवारा जोरात मारला की जाळीच्या पाकळ्या मुडपतात. रेझिस्टर दोन्ही बाजूंचे बदलले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब भर दुपारी परळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर फिरून आले आणि काटा जागेवरून हलला नाही.

त्यांनी जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मित्रमंडळींत सांगितलं. कुणाची मर्सिडीज एसएलके, कुणाची माझदा एमएक्स-5. कुणाकडे फ्यूजबॉक्स वितळलेला, कुणाच्या पंख्याची बेअरिंग जाम. जिथे कुणाला हात घालायचा नव्हता ती कामं आमच्याकडे यायला लागली आणि दलाल यायचे बंद झाले.

आता दोन गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. पंख्याला करंट येतो का हे फक्त मीटरने बघू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावून बघा. तो साडेचार अँपिअर ओढतो आणि कच्ची तार लगेच उघडी पडते, बल्ब पिवळट जळतो. आमच्याकडे लाकडी मुठीत बसवलेला असा बल्ब आहे, मामांनी केलेला. पंखा चालू असताना मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर अर्थ खराब, मोटर बदलू नका.

रिलेचं सॉकेट वितळलं असेल तर नुसता नवीन रिले खोचून गाडी देऊ नका. क्लँप मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. घासलेली मोटर जास्त करंट ओढते, तीच सॉकेट जाळते, आणि महिन्याभरात नवीन रिलेही जाळेल. आणि डॅशबोर्डखाली स्विच बसवून पंखा डायरेक्ट मारणं बंद करा. रोज अशा गाड्या बघतो. मालक एकदा स्विच लावायला विसरला की इंजिन तापून हेडगॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सीलची पट्टी) गेलं, त्याचं बिल पंख्याच्या बिलाच्या कितीतरी पट.

इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो. हात घालायच्या आधी बॅटरीची तार काढा, आमच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

आज दुकान माझा मुलगा बघतो. स्कॅनर आम्हीही घेतला आहे, चांगला घेतला आहे, पण टेस्ट लॅम्पनंतर तो बाहेर निघतो. रिले आणि सॉकेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, क्वचित चोर बाजारातून. नागदेवी स्ट्रीटवरून थिंबल (तारेच्या टोकाला बसणाऱ्या टोप्या) आणि त्या दाबायची क्रिंपिंगची पक्कड. काचेचा गॅरेज अजून आहे. पंख्याच्या गाड्या त्यांच्याकडून मागच्या दाराने आमच्याकडे येतात, त्यांच्या ड्रायव्हरबरोबर, आणि बिल गिऱ्हाइकाला त्यांच्याच नावाने जातं. मुलगा म्हणतो, "बाबा, रोख मिळतात ना, सोडा." मी काम घेतो. सोडत नाही.

गाडी आणायची असेल तर सकाळी आणा, इंजिन थंड असताना. आधी जिथे दाखवली तिथली बिलं बरोबर ठेवा. काय काय बदललं गेलंय ते कळलं की शोधायचं अर्धं काम वाचतं.