जिरॅनियमला मी उसासारखे खत घातले

दसऱ्याच्या सुमारास राजारामपुरीतल्या घराच्या गॅलरीत ठेवण्यासाठी मी एका नर्सरीतून लाल जिरॅनियमची कुंडी आणली, तेव्हा तिच्यावर दोन टपोरे गुच्छ होते. दिवाळीआधीच ते वाळले आणि नंतर जानेवारी संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या त्याच्या ऐन बहराच्या दिवसांत, मला पानांखेरीज काहीही दिसले नाही.

याचा राग अजून गेलेला नाही, कारण या काळात मी त्या नर्सरीत तीनदा गेले आणि तिन्ही वेळा ‘ताई, खत कमी पडतंय’ हेच ऐकून परतले. आधी शेणखत, मग एकोणीस-एकोणीस-एकोणीसची, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेल्या खताची पुडी, आणि शेवटी ‘जरा युरिया टाका की वो!’ युरिया गावाकडे उसासाठी आणलेल्या पोत्यातच होता. दिरांनी हसत मूठभर दिला. त्यात ४६ टक्के नत्र असते आणि नत्राने पालाच माजतो, हे ऊस पिकवणाऱ्या घरातल्या सुनेला सुचू नये, याची मला स्वतःचीही चीड येते. पाने तळहाताएवढी झाली, फांद्या लांबट आणि लुसलुशीत झाल्या, आणि शेजारच्या काकू ‘भाजी छान आली आहे’ म्हणून गेल्या.

मग मी खत बंद केले, लांबलेल्या फांद्या छाटल्या आणि उत्तरेकडच्या गॅलरीतली कुंडी गच्चीवर अशा जागी नेली, जिथे दुपारी बारापर्यंत ऊन असते आणि नंतर टाकीची सावली पडते. हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे असून कोरडेपणा सोसते, पण रोजच्या पाण्याने त्याचा बुंधा काळा पडून कुजतो. म्हणून बोट खुपसून माती कोरडी लागल्याशिवाय मी पाणी घालत नाही. मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळावा, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते, कारण मुळांना जागा जरा तंग असली की फुले लवकर येतात.

मार्चमध्ये पानांच्या बेचक्यातून मान खाली घातलेला कळ्यांचा घोस निघाला, आठवड्यात त्याचा देठ ताठ झाला आणि पहिले फूल उमलले. गुच्छ वाळला की नुसत्या पाकळ्या न वेचता अख्खा देठ बुडाशी मोडावा, म्हणजे पुढचा लवकर येतो. पावसाळ्यापूर्वी कुंडी पत्र्याखाली हलवायची आहे. छाटलेल्या फांद्यांपैकी दोन वाळूत रुजल्या. त्यातली एक काकूंना दिली, खताची पुडी मात्र दिली नाही.